मेंदूचा नकाशा आणि नसलेल्या पायातली कळ

आजचा विषय थोडा अवघड आहे, पण शब्द सोपेच वापरणार आहे. प्रश्न असा: आपल्याला जी जाणीव होते, म्हणजे दुखणं, गोड लागणं, लाल दिसणं, आईची आठवण येणं, ती सगळी शेवटी मेंदूतल्या पेशी आणि रसायनं एवढीच आहे का? की मेंदूचं सगळं गणित मांडून झाल्यावरही काहीतरी बाकी उरतं?

काही तत्त्वज्ञ म्हणतात, उरतं. जाणीव ही भौतिक गोष्टींमध्ये पूर्णपणे विरघळवता येत नाही. हे म्हणणं काय आहे, त्याच्या बाजूने आणि विरुद्ध काय बोललं जातं, आणि आपल्यासारख्या साध्या माणसाला त्याचं काय देणंघेणं, हे आज बघू. मी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक नाही. साधा पदवीधर, हयात फौजेत गेली, निवृत्तीनंतर चेन्नईत राहतो. त्यामुळे सुरुवातही फौजेला ओळखीच्या गोष्टीपासूनच करतो.

सुरुंगावर पाय पडून पाय गमावलेले जवान मी पाहिले आहेत. त्यांच्यापैकी अनेकांची एक तक्रार सारखी असते: जो पाय नाही, त्याच पायाच्या बोटांत कळ येते. तळव्याला खाज सुटते आणि खाजवायला तळवाच नसतो. पुण्यातलं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून अशा जवानांना पुन्हा उभं करतंय. तिथल्या लोकांना ही तक्रार नवी नाही. डॉक्टरी भाषेत याला फँटम लिंब म्हणतात. आपण ‘भासमान अवयव’ म्हणू. हे नाव अमेरिकन यादवी युद्धातल्या जखमींवर उपचार केलेल्या सायलस वेअर मिचेल या डॉक्टरांनी १८७१ साली रूढ केलं.

त्याच्याही आधीची गोष्ट. इंग्लंडचा दर्यासारंग नेल्सन याचा उजवा हात १७९७ च्या टेनेरिफच्या लढाईत गेला. नसलेल्या हाताची बोटं त्याला जाणवत राहिली. त्याने यातून निष्कर्ष काढला असं सांगतात, की हात नष्ट होऊनही जर हाताची जाणीव उरते, तर शरीर नष्ट झाल्यावर माणूसही उरत असणार; हा आत्म्याचा पुरावाच झाला.

युक्तिवाद ऐकायला छान आहे, पण टिकला नाही. आणि तो ज्यांनी मोडीत काढला त्यांच्यातलं सर्वांत ठळक नाव आमच्या चेन्नईशी जोडलेलं आहे. डॉ. विलयनूर रामचंद्रन हे इथल्या स्टॅन्ली मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. पुढे ते अमेरिकेत कॅलिफोर्नियाला गेले. १९९० च्या दशकात त्यांनी हात गमावलेल्या माणसांच्या गालावर कापसाने हळूच स्पर्श केला, तर काहींनी सांगितलं, ‘माझ्या नसलेल्या हाताला स्पर्श होतोय.’

कारण काय? मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचा एक नकाशा असतो. त्यात हाताचा भाग चेहऱ्याच्या भागाला लागून आहे. हात गेला की हाताच्या भागाकडे संदेश येणं थांबतं. शेजारच्या शेतकऱ्याने पडीक जमिनीत नांगर घालावा, तसे चेहऱ्याचे संदेश त्या मोकळ्या भागात शिरतात. मग गालाला लावलेला कापूस हाताला लागल्यासारखा वाटतो. रामचंद्रन यांनी यावर एक स्वस्तातला उपायही शोधला. एका खोक्यात उभा आरसा लावायचा. शाबूत हाताचं प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसेल असं बसायचं. शाबूत हात हलवला की डोळ्यांना वाटतं, दोन्ही हात हलताहेत. काही रुग्णांची वर्षानुवर्षं आखडून राहिलेली भासमान मूठ त्यामुळे सैल झाली.

म्हणजे नेल्सनचा पुरावा बाद झाला. दुखणं हातात नव्हतंच, मेंदूत होतं. आत्म्याची गरज लागली नाही.

दोन वेगळे प्रश्न

इथे बरेच लोक वही मिटतात. म्हणतात, बघा, जाणीव म्हणजे मेंदू, विषय संपला. पण थोडं थांबा. रामचंद्रन यांनी जे उलगडलं ते असं: कळ कुठे निर्माण होते, कशामुळे होते, ती कशी कमी करता येईल. एक प्रश्न मात्र तसाच राहिला. मेंदूच्या त्या भागातल्या पेशींमध्ये विजेचे झटके उसळतात, तेव्हा कोणाला तरी दुखतं का? झटके उसळले, हात आखडला, तोंडातून ‘आई गं’ निघालं, एवढं सगळं व्हावं आणि आत कोणालाच काही वाटू नये, असं का होत नाही?

डेव्हिड चाल्मर्स या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने १९९५ साली या दोन प्रश्नांना नावं दिली: सोपे प्रश्न आणि कठीण प्रश्न. सोपे म्हणजे चुटकीसरशी सुटणारे नव्हेत. त्यांना शंभर वर्षंही लागतील, पण कोणत्या रस्त्याने जायचं हे माहीत आहे. मेंदू माहिती कशी साठवतो, लक्ष कसं वळवतो, शब्द कसे जुळवतो, हे सगळे सोपे. कठीण प्रश्न एकच, की या सगळ्या कामाबरोबर अनुभव का असतो? इथे रस्ताच दिसत नाही.

का दिसत नाही, हे मला नकाशाच्या उदाहरणाने कळतं. फौजी माणसाचा अर्धा जन्म नकाशा वाचण्यात जातो. माझ्या घरापासून फार लांब नसलेल्या परंगीमलैच्या, म्हणजे सेंट थॉमस माउंटच्या परिसरातून विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ च्या एप्रिलमध्ये सुमारे साडेसात मैलांची एक सरळ रेषा साखळीने मोजायला घेतली. त्या रेषेवर त्रिकोणांमागून त्रिकोण रचत पुढे सगळ्या हिंदुस्थानचं मोजमाप झालं. प्रचंड काम. पण नकाशावरच्या दाटीवाटीच्या कंटूर रेषा चढ किती उभा आहे एवढंच सांगतात. तो चढ तीस किलोचं ओझं पाठीवर घेऊन चढताना छातीत जो भाता चालतो, तो रेषांमध्ये नसतो. ही नकाशाची चूक नव्हे. नकाशा बनवतानाच ठरलेलं असतं की मोजता येईल तेवढंच घ्यायचं.

आधुनिक विज्ञानानेही सुरुवातीला असाच निर्णय घेतला. गॅलिलिओने १६२३ साली लिहिलं, की आकार, संख्या, गती या वस्तूच्या खऱ्या गोष्टी. रंग, चव, वास हे पाहणाऱ्यात असतात, वस्तूत नव्हे. त्यांना बाजूला ठेवल्यामुळेच निसर्ग गणिताच्या भाषेत मांडता आला. त्यातून चंद्रावर जाण्यापर्यंत मजल गेली. पण जे पहिल्या दिवशी मोजणीबाहेर ठेवलं, ते मोजणीच्या निकालात आपोआप कसं येईल, हा प्रश्न रास्त आहे.

आज चेन्नईतच मेंदूचे नकाशे बनताहेत. आयआयटी मद्रासमधल्या सुधा गोपालकृष्णन ब्रेन सेंटरने डिसेंबर २०२४ मध्ये ‘धरणी’ नावाचा संच जगासाठी खुला केला: गर्भावस्थेतल्या मानवी मेंदूचे ५,१३२ छेद, पेशी ओळखू येतील इतके बारीक. प्रौढ माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असतात. हे काम अभिमानाचं आहे आणि त्यातून आजारांचं निदान सुधारेल. पण समजा, उद्या एकेका पेशीचा, एकेका जोडणीचा नकाशा हातात आला. त्यात ‘कळ’ कुठे लिहिलेली असेल?

कळ न कळलेला माणूस

एक खरं उदाहरण घेऊ. जन्मापासून वेदनाच न जाणवणारी काही माणसं जगात आहेत. २००६ साली उत्तर पाकिस्तानातल्या अशा काही कुटुंबांच्या अभ्यासातून त्यामागचं एक कारण सापडलं: एससीएन नाइन ए नावाच्या जनुकातला बिघाड. वेदनेचा संदेश वाहणाऱ्या मज्जातंतूंमध्ये सोडियमची ये-जा करणारं एक दार असतं, ते दारच उघडत नाही. अशा मुलांची हाडं मोडतात, हात भाजतात, जीभ चावली जाते, आणि त्यांना पत्ता लागत नाही.

आता कल्पना करा, असा एखादा मुलगा खूप शिकला, वेदनेचा जगातला सर्वांत मोठा तज्ज्ञ झाला. कोणती पेशी, कोणतं रसायन, किती वेग, सगळं त्याला तोंडपाठ. वेदनेबद्दलची एकही भौतिक माहिती त्याच्या नजरेतून सुटलेली नाही. तरी दाढ ठणकते म्हणजे काय होतं, हे त्याला माहीत आहे का? नाही. आणि औषधाने ते दार उघडून एके दिवशी त्याला पहिली कळ आली, तर त्याला काही नवीन कळेल का? कळेलच. म्हणजे सगळी भौतिक माहिती हाती असूनही एक गोष्ट बाहेर होती.

या धर्तीचे दोन युक्तिवाद प्रसिद्ध आहेत. थॉमस नेगेल यांनी १९७४ साली विचारलं, वटवाघूळ असणं वटवाघळाला आतून कसं वाटत असेल? त्याच्या कानांचा सगळा अभ्यास करूनही ते आपल्याला कळणार नाही. फ्रँक जॅक्सन यांनी १९८२ मध्ये काळ्यापांढऱ्या खोलीत वाढलेल्या आणि रंगांचं सगळं शास्त्र शिकलेल्या मेरीची गोष्ट मांडली. गंमत म्हणजे पुढे जॅक्सन यांनी स्वतःच आपला निष्कर्ष सोडून दिला. हा वाद किती चुरशीचा आहे, हे त्यावरून ओळखा.

हा वाद आपल्याकडे जुना आहे

हे सगळं पाश्चात्त्यांनी काल शोधलं असं समजू नका. चार्वाक म्हणत होते, की पृथ्वी, आप, तेज, वायू ही चार भूतं विशिष्ट रीतीने एकत्र आली की जाणीव उपजते. त्यांचं उदाहरण मद्याचं: धान्यात नशा नाही, पाण्यात नशा नाही, किण्व घालून आंबवलं की नशा येते. भौतिकवादाची याहून सुटसुटीत मांडणी मला अजून आढळलेली नाही.

आठव्या शतकाच्या सुमारास शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या तिसऱ्या अध्यायात याला उत्तर दिलं. त्यातले दोन मुद्दे आजही ताजे आहेत. पहिला असा, की शरीराचे गुण, म्हणजे रंग, आकार, दुसऱ्यालाही दिसतात. जाणीव आणि स्मृती दुसऱ्याला दिसत नाहीत. मग त्यांना शरीराचे गुण कसे म्हणायचे? नेगेल जे १९७४ मध्ये म्हणाले, त्याचं बीज इथे आहे. दुसरा मुद्दा दिव्याचा. दिवा असला की दिसतं, विझला की दिसत नाही. म्हणून पाहणं हा दिव्याचा गुण ठरतो का? तसंच शरीर असताना जाणीव असते आणि नसताना आढळत नाही, एवढ्यावरून ती शरीराचाच गुण आहे हे सिद्ध होत नाही. दोन गोष्टी नेहमी जोडीने येतात, म्हणजे त्या एकच आहेत असं नव्हे.

सांख्यांची मांडणी तर मला आजच्या काळासाठी सर्वांत उपयोगी वाटते. ते मन, बुद्धी आणि अहंकार या तिन्हींना प्रकृतीत, म्हणजे जडाच्या बाजूला टाकतात. वेगळा तो फक्त पुरुष, साक्षी. म्हणजे विचार करणं, हिशेब करणं, ठरवणं ही जडाची कामं असू शकतात. जाणवणं मात्र वेगळं. यंत्र बुद्धिबळात माणसाला हरवतं हे ऐकून सांख्य दचकला नसता. बुद्धी जडाचीच, असं तो आधीपासून म्हणत होता.

दुसऱ्या बाजूचं ऐकू

शत्रूची बाजू न समजता मोर्चा लावू नये, हा आमचा धडा. इथे शत्रू कोणी नाही, पण बाजू मजबूत आहे.

पहिला आक्षेप इतिहासाचा. एके काळी लोक म्हणत, सजीवांमध्ये एक खास जीवनशक्ती असते, रसायनशास्त्राला ती कधीच उलगडणार नाही. १८२८ मध्ये वोलरने प्रयोगशाळेत युरिया तयार केला, १९५३ मध्ये डीएनएची रचना कळली, आणि जीवनशक्तीची भाषा मागे पडली. जाणिवेचंही तसंच होईल. अमेरिकन तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट शेवटपर्यंत हेच सांगत राहिले: सगळे सोपे प्रश्न सोडवा, कठीण प्रश्न शिल्लकच राहणार नाही.

याला उत्तर असं: जीवनाबद्दल जे विचारायचं होतं ते कामाबद्दल होतं. श्वास कसा चालतो, वाढ कशी होते, पिल्लं कशी होतात. काम उलगडलं की प्रश्न संपतो. जाणिवेच्या बाबतीत काम उलगडल्यावरच प्रश्न सुरू होतो.

दुसरा आक्षेप खुद्द रामचंद्रन यांचा, आणि तो फार कल्पक आहे. ते म्हणतात, तुमचा लाल रंग मला कळत नाही कारण तुम्ही तो शब्दांत भाषांतर करून पाठवता, आणि भाषांतरात तो गळतो. शब्द टाळा. तुमच्या मेंदूच्या रंगाच्या भागातून मज्जातंतूंची तार थेट माझ्या मेंदूत जोडा, मग मलाही तो अनुभव येईल. म्हणजे भिंत भाषेची आहे, विश्वाची नाही.

मला हा आक्षेप मोलाचा वाटतो, पण तो एक गोष्ट गृहीत धरतो. तार जोडल्यावर अनुभव येईल, कारण पलीकडे अनुभवणारा मी आधीच बसलेलो आहे. तीच तार एखाद्या रेडिओला जोडली तर? संदेश पोहोचेल. लाल दिसेल का? ज्याला दिसायचं तो कुठून आला, हा प्रश्न तारेने सुटत नाही.

यातून काय सिद्ध होत नाही

मंडळी, इथे सावध राहायला हवं. जाणीव भौतिकात पूर्ण विरघळत नाही, यावरून पुनर्जन्म, भूत किंवा कोणा बाबाची सिद्धी खरी ठरत नाही. चाल्मर्सही मानतात की जाणीव मेंदूशी नियमाने जोडलेली आहे. भुलीचं इंजेक्शन दिलं की ती जाते, दारू प्यायली की डळमळते. त्यांचं म्हणणं एवढंच, की वस्तुमान किंवा विद्युतभार यांच्यासारखी तीही जगातली एक मूलभूत गोष्ट मानावी लागेल. कोणी म्हणतात सगळ्याच पदार्थात तिचा सूक्ष्म अंश असेल. वेदान्ती म्हणतात तीच मूळ आहे. ही उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. समान आहे तो फक्त नकार: ‘मेंदूचं वर्णन पूर्ण झालं म्हणजे जाणिवेचंही झालं’ याला नकार.

विज्ञान अजून कुठे आहे, तेही सांगतो. १९९८ साली मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कॉख यांनी चाल्मर्सशी पैज लावली, की २५ वर्षांत जाणिवेची मेंदूतली स्पष्ट खूण सापडेल. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कला भर सभेत कॉख यांनी हार मान्य केली आणि वाइन भेट दिली. पैज कठीण प्रश्नाची नव्हतीच. केवळ खूण शोधण्याची होती.

मग आपल्याला काय?

२००६ साली इंग्लंडमध्ये एड्रियन ओवेन यांच्या गटाने अपघातानंतर बेशुद्धावस्थेसारख्या स्थितीत असलेल्या २३ वर्षांच्या तरुणीची तपासणी केली. डोळे उघडे, पण कशालाच प्रतिसाद नाही. स्कॅनरमध्ये तिला सांगितलं, ‘तू टेनिस खेळतेस अशी कल्पना कर.’ आणि तिच्या मेंदूत तोच भाग उजळला, जो धडधाकट माणसांचा उजळतो. मग सांगितलं, ‘घरातल्या खोल्यांमधून फिरतेस अशी कल्पना कर.’ दुसरे भाग उजळले. आत कोणीतरी ऐकत होतं.

कोणी म्हणेल, बघा, नकाशानेच जाणीव पकडली. पण तो नकाशा वाचता कसा आला? आधी धडधाकट माणसांनी सांगितलं होतं, ‘हो, आम्ही टेनिसची कल्पना करतोय.’ सर्वेक्षणवाल्याला टेकडीची उंची यंत्राने मिळते. टेकडीचं नाव मात्र गावकऱ्याला विचारूनच नकाशावर चढतं. मेंदूच्या नकाशावर ‘वेदना’, ‘भीती’, ‘रंग’ ही जी नावं लिहिली आहेत, ती अशीच कोणाच्या तरी तोंडून मिळालेली आहेत. पहिल्यांदा माणसाने सांगितलं, ‘दुखतंय.’ मग आपण त्या जागेला वेदनेची जागा म्हटलं. सगळ्या यंत्रांच्या मुळाशी ही साक्ष आहे.

म्हणून व्यवहारात माझ्या मते तीन गोष्टी निघतात. पहिली, अंथरुणावर निपचित पडलेल्या माणसाजवळ बोलताना तो ऐकतोय असं धरूनच बोलावं. दुसरी, उद्या मोबाइलमधलं यंत्र ‘मला वाईट वाटलं’ म्हणालं, तर ते किती हुशार आहे यावरून निकाल देऊ नये. हुशारी आणि जाणवणं या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे सांख्यांचं म्हणणं लक्षात ठेवावं.

तिसरी माझ्या सर्वांत जवळची. पाय नसलेल्या जवानाने सांगितलं की पायात कळ येते, तर त्याला ‘वेडा आहेस, पाय कुठे आहे?’ असं म्हणू नये. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ असं म्हणून घरातल्या म्हातारीचं दुखणंही उडवून लावू नये. कळीचं कारण मेंदूत सापडो, मणक्यात सापडो किंवा न सापडो. कारण शोधणं डॉक्टरांचं काम आहे आणि ते जरूर करावं. पण कळ आहे की नाही, या प्रश्नावर जगात एकच माणूस साक्षीदार आहे, आणि तो आपल्यासमोर बसलेला आहे. त्याचं आधी ऐकून घ्यावं.

पुढच्या भागात झोप आणि स्वप्न यांबद्दल बोलू. तोवर नमस्कार.